व्यवसाय माहिती प्रणालीचे प्राथमिक पाठ्यपुस्तक कसे पारखावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील वाणिज्य, बीबीए आणि बीसीएचे वर्ग शिकवणारे सहकारी, ग्रंथपाल आणि काही विद्यार्थीही, नव्या वर्षाची पुस्तके ठरवायची वेळ आली की जवळपास तेच प्रश्न पाठवतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्यवसाय माहिती प्रणालीचे पुस्तक म्हणजे नेमके कशाचे पुस्तक? संगणकाचे की व्यवस्थापनाचे?

दोहोंच्या मधल्या जागेचे. यंत्रसामग्री, सॉफ्टवेअर, विदा (डेटा), माणसे आणि कामाच्या पद्धती हे पाच घटक एकत्र येऊन व्यवसायाचे काम कसे चालवतात, हा या विषयाचा गाभा आहे. चारशे पानांपैकी दीडशे पाने कीबोर्ड, प्रिंटर आणि संगणकाच्या पिढ्या यांवर खर्च करणारे पुस्तक संगणक-परिचयाचे आहे. आणि ज्यात केवळ स्पर्धात्मक लाभाची चर्चा आहे, पण नोंद कोठे होते आणि कोठे साठते याचा पत्ता नाही, ते व्यवस्थापनाचे आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात दोन अडत दुकानांत एकच हिशेबाचे सॉफ्टवेअर असते, तरी एका दुकानातून शेतकऱ्याला हिशेबपट्टी त्याच संध्याकाळी मिळते आणि दुसऱ्यातून तीन दिवसांनी. सॉफ्टवेअर तेच असताना हा फरक का पडतो, हे ज्या पुस्तकाच्या आधाराने समजावून सांगता येते, ते या विषयाचे पुस्तक.

२. पुस्तक हातात आल्यावर सर्वांत आधी काय पाहावे?

माझी पद्धत अशी आहे की पुस्तक उघडण्यापूर्वी एक खरी पावती समोर ठेवावी. दूध संकलन केंद्राची चिठ्ठी, तासगावच्या बेदाणा सौद्यानंतरची हिशेबपट्टी, साखर कारखान्याच्या काट्यावरची वजनपावती, एसटीचे तिकीट, यांपैकी कोणतीही चालेल. मग त्या पावतीबद्दल पाच प्रश्न घेऊन पुस्तकात शिरावे. ही नोंद कोणी, कोठे आणि कोणत्या क्षणी केली? ती तेथून पुढे कोणाकडे गेली? तिच्यावरील कोणते आकडे मोजलेले आहेत आणि कोणते हिशेबाने काढलेले? त्या आकड्यांवरून कोण कोणता निर्णय घेतो? आणि नोंद चुकली तर ते कोणाच्या, केव्हा लक्षात येते? पुस्तकाची निरनिराळी प्रकरणे या प्रश्नांची उत्तरे शोधायला मदत करत असतील, तर पुढचे परीक्षण करण्यात अर्थ आहे. एकाही प्रश्नाला पुस्तकात आधार मिळत नसेल, तर त्याची छपाई आणि रंगीत आकृत्या कितीही देखण्या असल्या तरी विद्यार्थ्याच्या हाती व्याख्यांपलीकडे काही लागणार नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक आकर्षक पुस्तक निवडले होते. विद्यार्थ्यांनी परीक्षेत ईआरपीची (संस्थेच्या सर्व विभागांना जोडणाऱ्या प्रणालीची) व्याख्या पान-पानभर लिहिली. त्यानंतर आम्ही त्यांना मिरज तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर नेले, तेव्हा मी विचारले की यंत्र सभासदाचे नाव न विचारता क्रमांक का विचारते. कोणालाही सांगता आले नाही. रांगेत उभ्या असलेल्या एका आजींनी उत्तर दिले, की गावात त्यांच्या नावाच्या तिघीजणी आहेत. ‘प्राथमिक कळ’, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखू येण्यासाठीचा क्रमांक, या संकल्पनेला आमच्या पुस्तकाने एक ओळ दिली होती आणि ती ओळ विद्यार्थ्यांना पाठही होती. निवड माझी होती, त्यामुळे त्या वर्षी त्या मुलांचे जे राहून गेले त्याची खंत अजून आहे.

३. अनुक्रमणिकेत कोणती प्रकरणे असायलाच हवीत?

माहिती प्रणालीचे घटक, व्यवहार-नोंद प्रणालीपासून निर्णय-साहाय्य प्रणालीपर्यंतचे प्रकार, डेटाबेस, नेटवर्क आणि इंटरनेट, संस्थेच्या सर्व विभागांना जोडणाऱ्या प्रणाली, ई-व्यापार आणि डिजिटल देयके, प्रणाली विकसित करण्याची किंवा विकत घेण्याची प्रक्रिया, सुरक्षितता, कायदा आणि नीती, एवढे तरी असावे. प्रकरणांच्या यादीपेक्षा त्यांचा क्रम अधिक बोलका असतो. विदा कशी साठते हे सांगण्याआधीच मोठ्या विदेचे (बिग डेटाचे) विश्लेषण शिकवणारे पुस्तक विद्यार्थ्याला पायाशिवाय माडीवर चढवते.

एक गोष्ट आवर्जून पाहावी. जवळपास प्रत्येक पुस्तकात व्यवस्थापनाच्या पातळ्यांचा त्रिकोण असतो : तळाशी व्यवहार-नोंद, मध्ये व्यवस्थापन माहिती, वर उच्चाधिकाऱ्यांसाठीची प्रणाली. शिकवायला तो सोयीचा आहे. मात्र आज एकाच सॉफ्टवेअरमध्ये काट्यावरचा कारकून वजन नोंदवतो आणि कार्यकारी संचालक त्याच विदेवरून दिवसाचे गाळप पाहतो. त्रिकोण म्हणजे माहितीच्या उपयोगाचे थर, वेगवेगळी यंत्रे नव्हेत, हे पुस्तकाने स्पष्ट केलेले असावे.

४. मी वाणिज्य शाखेचा आहे. डेटाबेसचे प्रकरण चांगले आहे की नाही हे कसे ओळखू?

हिशेब कळणाऱ्या माणसाला हे प्रकरण तपासणे मुळीच अवघड नाही, उलट काही बाबतींत त्याची नजर अधिक तीक्ष्ण असते. पुन्हा दुधाची चिठ्ठी घ्यावी. उदाहरणादाखल तिच्यावर असे छापले आहे : सभासद क्रमांक ११७, सकाळ, म्हैस, ६.४ लिटर, फॅट ७.१, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) ९.०, दर ५४.५०, रक्कम ३४८.८०. आता पुस्तकातील सामान्यीकरणाचा, म्हणजे पुनरावृत्ती टाळून विदा तक्त्यांत विभागण्याचा, भाग वाचावा आणि या चिठ्ठीची विदा कोणकोणत्या तक्त्यांत विभागली जाईल हे पुस्तकाच्याच रीतीने कागदावर मांडून पाहावे. सभासदाचे नाव, पत्ता आणि बँक खाते एका तक्त्यात एकदाच जाईल. रोजचे संकलन दुसऱ्यात. फॅट आणि एसएनएफनुसार दर सांगणारे दरपत्रक तिसऱ्यात. नाव प्रत्येक चिठ्ठीबरोबर पुन्हा पुन्हा साठवले तर खाते बदलल्यावर शेकडो ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल, हे कारण पुस्तकाने सांगितलेले असले पाहिजे. अनेक पुस्तके पहिले, दुसरे, तिसरे सामान्य रूप यांच्या व्याख्या देतात, परंतु ते कशासाठी करायचे हे सांगत नाहीत.

यापुढची कसोटी अधिक कठीण आहे आणि चांगल्या पुस्तकांची खरी ओळख तिथे पटते. बहुतेक पुस्तके शिकवतात की हिशेबाने काढता येणारा आकडा साठवू नये, कारण दर आणि लिटर माहीत असल्यावर रक्कम केव्हाही काढता येते. तत्त्व योग्य आहे. पण दरपत्रक महिन्याच्या मध्येच बदलले आणि जुन्या नोंदी फक्त चालू दरपत्रकाशी जोडलेल्या असतील, तर पूर्वी चुकती केलेली दहा दिवसांची बिले आज नव्या दराने वेगळी दिसतील आणि सभासदाच्या हातातल्या चिठ्ठीशी त्यांचा मेळ बसणार नाही. म्हणून दरपत्रक केव्हापासून लागू झाले याची तारीख ठेवावी लागते किंवा व्यवहाराच्या वेळचा दर त्या नोंदीतच जपावा लागतो. काळानुसार बदलणाऱ्या विदेचा हा मुद्दा एका परिच्छेदात जरी आलेला असेल, तरी त्या लेखकाने प्रत्यक्ष काम पाहिलेले आहे असे मी समजतो.

परस्परांशी जोडलेल्या अशा तक्त्यांच्या, म्हणजे संबंधाधारित, डेटाबेसचा पाया एडगर कॉड यांच्या १९७० मधील शोधनिबंधाने घातला आणि डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेचे पहिले अमेरिकन मानक १९८६ मध्ये आले. इतिहास एवढा असला तरी पुरे. त्याहून अधिक पाने त्यावर गेली असतील तर ती उदाहरणांच्या वाट्याची आहेत.

५. पुस्तक जुने झाले आहे हे कसे ओळखावे? आवृत्तीचे वर्ष पाहणे पुरेसे नाही का?

पुरेसे नाही. पुनर्मुद्रणाचे वर्ष आवृत्तीच्या वर्षासारखे छापण्याची प्रथा आढळते, आणि नव्या आवृत्तीत मुखपृष्ठ आणि प्रस्तावना यांपलीकडे काही बदललेले नसते असेही घडते. त्याऐवजी मजकुरात पेरलेल्या खुणा पाहाव्यात. एका बँकेतून दुसरीत पैसे पाठवण्याची एनईएफटी सेवा फक्त बँकेच्या कामकाजाच्या वेळेत चालते असे लिहिले असेल, तर तो मजकूर १६ डिसेंबर २०१९ पूर्वीचा आहे, कारण त्या दिवसापासून ही सेवा चोवीस तास सुरू झाली; मोठ्या रकमांसाठीची आरटीजीएसही डिसेंबर २०२० पासून चोवीस तास झाली. डिजिटल देयकांत केवळ क्रेडिट कार्ड असेल आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयचा उल्लेख नसेल, तर सातारच्या भाजी मंडईत रोज क्यूआर कोडवर पैसे देणाऱ्या विद्यार्थ्याला ते प्रकरण दुसऱ्या जगातले वाटेल. बीजकाच्या नमुन्यात व्हॅट असेल तर तो १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होण्यापूर्वीचा. वेबवरील हलत्या चित्रांसाठी फ्लॅश हे सॉफ्टवेअर शिकवणारे पान २०२० नंतर निरुपयोगी झाले आहे.

मात्र जुनेपणाचे दोन थर वेगळे करावेत. कॉड यांची मांडणी जुनी होत नाही. नोंद जेथे घडते तेथेच ती करावी, हेही जुने होत नाही. वरचे थर, म्हणजे उत्पादनांची नावे, पडद्यांची चित्रे, दर आणि मर्यादा, लवकर झडतात. गाभा भक्कम आणि वरचा थर जुना असेल तर शिक्षकाला दोन पानांची पुरवणी देऊन ते पुस्तक चालवता येते. उलट प्रकारचे पुस्तक कोणत्याही पुरवणीने सावरत नाही. सुरक्षितता आणि कायदा यांना हा नियम लागू होत नाही. त्यासाठी प्रश्न ७ आणि ९ पाहावेत.

६. पुस्तकात चुका सापडल्या तर ते लगेच नाकारावे का?

चुकीचा प्रकार पाहून ठरवावे. मुद्रणदोष किती आहेत ते नोंदवावे आणि पुढे जावे. संकल्पनेची चूक मात्र एकच असली तरी गंभीर मानावी, कारण तिच्यावर पुढची प्रकरणे उभी असतात. इंटरनेट आणि वेब एकच आहेत असे लिहिणे ही अशी चूक आहे : इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने टीसीपी/आयपी ही संदेशवहनाची नियमावली १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारली, तर टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव १९८९ मध्ये मांडला, ईमेल वेबच्या कितीतरी आधीपासून आहे. अक्षरे साठवण्याचा मूळ ॲस्की संकेत सात बिटांचा आणि १२८ चिन्हांचा आहे. तो आठ बिटांचा सांगितला असेल तर पुढे सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोडची गरज का पडली हेही धूसरच राहते. त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरला बॅकअप म्हणणे तर प्रत्यक्ष नुकसान करणारे आहे.

काही ठिकाणी चूक आणि मतभेद यांत गल्लत होते. किलोबाइट म्हणजे १,००० बाइट की १,०२४, यावरून एका सहकाऱ्याने एक पुस्तक नाकारले होते. १,०२४ साठी ‘किबिबाइट’ हे वेगळे नाव आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्येच दिले, तरी दोन्ही वापर प्रचारात आहेत. पुस्तकाने एक अर्थ सांगून तो अखेरपर्यंत पाळला असेल, तर हरकत घेऊ नये.

७. कायद्याच्या प्रकरणात काय तपासावे?

चार ठिकाणे तपासली तरी प्रकरणाचा अंदाज येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा आहे आणि १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. २००८ च्या दुरुस्तीशिवाय तो शिकवणे अपुरे. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांबद्दलचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, तरीही काही पुस्तके ते चालू कलम म्हणून शिक्षेसह शिकवतात. असे पुस्तक विद्यार्थ्याच्या हातात देऊ नये. तिसरे, व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा. चौथे, सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवण्याबाबतचे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश.

एक बारकावा येथेच सांगणे योग्य. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. तो कंपनी कायद्याखालील कंपन्यांसाठी आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पतसंस्था, दूध संस्था आणि साखर कारखाने सहकार कायद्याखाली मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे पुस्तकाने ‘सर्व व्यवसायांना लागू’ असे सरसकट लिहिले असेल तर शिक्षकाने तेथे खूण करावी. बदलाचा माग ठेवणे ही चांगली पद्धत आहे, म्हणून ती संस्थांनीही पाळावी हे सांगणे वेगळे आणि कायद्याने सक्ती आहे असे सांगणे वेगळे.

८. सगळी उदाहरणे परदेशातील मोठ्या कंपन्यांची आहेत. असे पुस्तक नाकारावे का?

उदाहरण परदेशी आहे एवढ्यावरून नाकारू नये. त्यातून यंत्रणा उलगडते का, हे पाहावे. एखाद्या अमेरिकन किराणा साखळीच्या गोदामात माल संपत आल्याचे प्रणालीला कसे कळते आणि मागणी आपोआप कशी जाते, हे नीट सांगितले असेल तर ते कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या सुट्या भागांच्या कारखान्यालाही लावता येते. केवळ ‘या कंपनीने माहिती प्रणाली वापरून नफा वाढवला’ एवढेच असेल, तर उदाहरण पलूसचे असले तरी कामाचे नाही. डॉलरचे रुपये करून आणि जॉनचा जयंत करून उदाहरण भारतीय होत नाही.

तरीही इथली उदाहरणे मिळाली तर पुस्तकाचे मोल वाढते, याचे कारण अभिमान नव्हे. इथल्या प्रणालीला इथले नियम आकार देतात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला किमान दराने पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. त्या एका अटीमुळे चिटबॉयने शेतावर केलेली ऊसनोंद, तोडणीची तारीख, काट्यावरचे वजन आणि बँकेची यादी या सर्वांची सांगड ठरावीक मुदतीत घालावी लागते. माहिती वेळेवर मिळण्याला किंमत असते, हे वाक्य पुस्तकात असतेच. चौदा दिवसांचा हा हिशेब फळ्यावर मांडला की ते वाक्य वर्गाला कळते.

९. सुरक्षिततेच्या प्रकरणात काय पाहावे?

धोक्यांची यादी नव्हे, तर पूर्वतयारी पाहावी. व्हायरस, वर्म आणि ट्रोजन यांच्या व्याख्या सर्वत्र असतात. बॅकअप घेतला आहे, पण तो परत चालू करून पाहिला आहे का, हा प्रश्न किती पुस्तके विचारतात? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा पुरात तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क एकाच वेळी पाण्याखाली जातात. बॅकअपची एक प्रत दुसऱ्या जागी असावी, हे शिकवताना परदेशी चक्रीवादळाचे उदाहरण घ्यावे लागत नाही. पुस्तकात आपत्तीनंतर काम पुन्हा सुरू करण्याचा भाग नसेल, किंवा तो दोन ओळींत उरकला असेल, तर सांगलीतल्या वर्गासाठी ही मोठी उणीव आहे असे माझे ठाम मत आहे. हरिपूरच्या हळदीच्या जमिनीखालच्या पेवांचे पुरात काय होते हे ज्या घरांनी पाहिले आहे, त्या घरांतली मुले आपल्या वर्गात बसतात. सगळा साठा एका जागी ठेवण्याची किंमत त्यांना वेगळी सांगावी लागत नाही.

तांत्रिक जुनेपणाच्या खुणा येथे अधिक कठोरपणे मोजाव्यात. वाय-फायसाठी डब्ल्यूईपी ही जुनी सुरक्षा पद्धत सुचवणारे किंवा डीईएस या जुन्या पद्धतीला सुरक्षित कूटलेखन म्हणणारे पुस्तक चालणार नाही, कारण एईएस हे कूटलेखनाचे नवे मानक २००१ मध्येच आले आहे. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याचा सल्ला ही मात्र चूक मानू नये. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्ये, कारण नसताना ठरावीक मुदतीने बदलाची सक्ती करू नये असे सुचवले, त्याआधी तोच सल्ला सर्वमान्य होता.

१०. विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले आहेत. मराठी पुस्तक घ्यावे की इंग्रजी?

जे पुस्तक वाचून विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत सांगू शकेल, ते घ्यावे. यासाठी एक सोपा प्रयोग आहे : वर्गातल्या मध्यम गतीच्या चार मुलांना एकच पान द्यावे, पंधरा मिनिटांनी पुस्तक मिटून त्यांच्याकडून ऐकावे. इंग्रजी पुस्तकाच्या पानावर शब्द अडतात आणि मराठी पुस्तकाच्या पानावर कधीकधी वाक्येच अडतात, कारण भाषांतरकाराने इंग्रजी वाक्याच्या सांगाड्यावर मराठी शब्द टांगलेले असतात. ‘विदा’, ‘आज्ञावली’, ‘संचयन’ हे शब्द वापरण्यास माझी हरकत नाही. तथापि डेटाबेस, सर्व्हर आणि पासवर्ड हे आता मराठीच शब्द झालेले आहेत, आणि पुस्तकाने पहिल्या वापराच्या वेळी अर्थ सांगून तोच शब्द शेवटपर्यंत ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे. एकाच संकल्पनेला तिसऱ्या प्रकरणात ‘कळ’, पाचव्यात ‘किल्ली’ आणि आठव्यात ‘कुंजी’ म्हटलेले आढळले, तर ते पुस्तक वेगवेगळ्या हातांनी लिहिले गेले आहे आणि संपादकाने एकत्र वाचलेले नाही, असे समजावे.

मराठी पुस्तकाकडून मी एक अपेक्षा वाढीव ठेवतो, ती म्हणजे मराठी विदेचे स्वतःचे प्रश्न. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले मराठी प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवते आणि फक्त दिसताना देवनागरी दिसते. म्हणून दुसऱ्या संगणकावर ती फाइल निरर्थक अक्षरांची होते, तिच्यात शोध लागत नाही आणि नावे अकारविल्हे लावता येत नाहीत. युनिकोडने हा प्रश्न सोडवला, तरी ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ ही संगणकाच्या दृष्टीने दोन नावे राहतातच. सभासदाला क्रमांक का हवा, याचे हे दुसरे उत्तर आहे. पहिले प्रश्न २ मध्ये आले आहे.

११. स्वाध्याय कसे असावेत?

‘व्याख्या लिहा’ आणि ‘टिपा लिहा’ यांपलीकडे जाणारे असावेत. प्रत्येक प्रकरणाअखेर निदान एक स्वाध्याय असा असावा, की ज्यासाठी विद्यार्थ्याला खुर्चीवरून उठून किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात किंवा पतसंस्थेत जाऊन काही पाहावे आणि विचारावे लागेल, आणि ज्याचे उत्तर पुस्तकातून उतरवता येणार नाही. सोडवलेले एखादे उदाहरण आधी दिलेले असेल तर उत्तम.

१२. परीक्षेसाठी गाइड पुरते. पाठ्यपुस्तक कशाला?

गाइड विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते. नोकरीच्या पहिल्या दिवशी समोर येणारा प्रश्न त्यात नसतो. उजळणीसाठी गाइड वापरण्यास हरकत नाही, मात्र शिफारशीच्या यादीत ते घालू नये.

१३. इंटरनेटवर मोफत मिळणारी मुक्त पाठ्यपुस्तके दर्जाने कमी असतात का?

किंमत आणि दर्जा यांचा येथे थेट संबंध नाही. मिनेसोटा विद्यापीठातून चालवल्या जाणाऱ्या मुक्त पाठ्यपुस्तकांच्या ग्रंथालयात अध्यापकांनी ठरावीक निकषांवर लिहिलेली परीक्षणे वाचायला मिळतात, आणि पुस्तकांच्या उणिवाही त्यांत लिहिलेल्या असतात. ती वाचावीत, पण त्यांवर विसंबू नये. परदेशी परीक्षकाला यूपीआयची अनुपस्थिती जाणवणार नाही.

परवान्याची अक्षरे नीट वाचावीत. क्रिएटिव्ह कॉमन्सचा केवळ श्रेयनिर्देशाचा परवाना असेल तर मूळ लेखकाचा उल्लेख करून भाषांतर करता येते, प्रकरणे गाळता येतात आणि आपली उदाहरणे घालता येतात. ‘साधित कृती नाही’ अशी अट असेल तर पुस्तक जसेच्या तसे वाटता येते, पण भाषांतर किंवा बदल करून वाटता येत नाही. ‘अव्यावसायिक’ अट असेल तर छापून नफ्याने विकता येत नाही. आपल्या वर्गासाठी दूध चिठ्ठीचे उदाहरण घालून एखादे प्रकरण मराठीत आणण्याची संधी फक्त मुक्त पुस्तकच देते, आणि यासाठी मी त्यांच्याकडे फार आशेने पाहतो.

१४. पुस्तक महाग आहे. वर्गासाठी काही प्रकरणांच्या झेरॉक्स काढता येतील का?

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात प्रती काढण्यास अपवाद आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याचा अर्थ उदारपणे लावला. अभ्यासक्रमाला आवश्यक तेवढ्या भागाचा वाचनसंच आणि संपूर्ण पुस्तकाची प्रत बांधून विकणे या दोन गोष्टी मात्र एक समजू नयेत.

१५. अभ्यासक्रमात नेमलेले पुस्तकच कमकुवत आहे. काय करावे?

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालये असोत की साताऱ्यातील कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठातील, अभ्यासक्रम घटक ठरवून देतो आणि सहसा संदर्भग्रंथांची यादी जोडतो. वर्गात शिक्षकाने आणखी काय वाचून दाखवावे यावर ती यादी बंधन घालत नाही. नेमलेले पुस्तक घटकांच्या क्रमासाठी ठेवावे आणि ज्या प्रकरणात ते उणे पडते, त्यापुरते दुसरे पुस्तक किंवा स्वतःची टिपणे वापरावीत. त्याबरोबरच पान क्रमांकांसह लेखी अभिप्राय अभ्यास मंडळाला पाठवावा. तोंडी तक्रारींनी पुढची यादी बदलत नाही.

१६. पुस्तकाचे लेखक आमच्याच महाविद्यालयातील आहेत. निष्पक्ष परीक्षण कसे करावे?

परीक्षण त्या विभागाबाहेरच्या, शक्य तर दुसऱ्या गावच्या शिक्षकाकडे सोपवावे. कराडच्या पुस्तकाचे मिरजेच्या शिक्षकाने आणि मिरजेच्या पुस्तकाचे कराडच्या शिक्षकाने परीक्षण केले तर संकोच राहत नाही. लेखक जवळचे असल्याचा एक लाभही आहे : दोष कळवले तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून मौन पाळणे हा त्यांच्यावरही अन्यायच आहे.

१७. निकषांना गुण देऊन बेरीज करावी का? आमच्या दोन परीक्षकांचे गुण अगदी विरुद्ध आले आहेत.

बेरीज फसवते. अचूकतेत नापास झालेले पुस्तक मांडणी, भाषा आणि छपाई यांच्या गुणांवर वर येऊ शकते. म्हणून अचूकता, कायदा आणि सुरक्षितता यांना उंबरठा मानावे : तेथे अडलेल्या पुस्तकाचे पुढचे गुण मोजूच नयेत. उंबरठा ओलांडलेल्या पुस्तकांत मग स्पष्टता, उदाहरणे आणि स्वाध्याय यांवरून निवड करावी.

दोन परीक्षकांत मोठे अंतर पडले तर सरासरी काढू नये. बहुधा एकाने शिक्षकाच्या नजरेने आणि दुसऱ्याने विद्यार्थ्याच्या नजरेने वाचलेले असते. दोघांना एकच प्रकरण, शक्यतो डेटाबेसचे, पुन्हा वाचायला द्यावे आणि कोणत्या पानावर मत फिरले ते विचारावे.

१८. कृत्रिम बुद्धिमत्तेवर प्रकरण नसेल तर पुस्तक कालबाह्य समजावे का? आणि पुस्तकच अशा साधनाने लिहिले असेल तर?

प्राथमिक पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण नसले तरी चालेल. विदा अपुरी किंवा एकांगी असेल तर तिच्यावरून काढलेला निष्कर्षही तसाच निघतो, हे मात्र कोठेतरी आलेले असावे. दुसऱ्या प्रश्नाबाबत, पुस्तक कोणत्या साधनाने लिहिले याचा तर्क करत बसण्यापेक्षा मजकूर तपासावा. प्रत्येक प्रकरणात तीच गुळगुळीत वाक्ये, कोठेही आकडा नाही, उदाहरणातील कंपनी शोधूनही सापडत नाही, संदर्भसूचीतील लेख अस्तित्वात नाही, या खुणा आढळल्या तर कोणीही लिहिले असले तरी ते पुस्तक नाकारावे. संदर्भसूचीतील कोणतेही पाच संदर्भ काढून पाहण्याला अर्धा तास लागतो.

१९. मी विद्यार्थी नाही. विट्यात माझे कापडाचे दुकान आहे आणि हा विषय समजून घ्यायचा आहे. मलाही हेच निकष लागू आहेत का?

होय, पण क्रम बदला. तुमची पावती तुमच्याच गल्ल्यात आहे, म्हणून प्रश्न २ मधील पाच प्रश्नांपासून सुरुवात करा. त्यानंतर प्रणाली विकत घेण्याच्या प्रक्रियेचे प्रकरण पाहा : विक्रेत्याला कोणते प्रश्न विचारावेत, जुन्या वहीतील उधारी नव्या प्रणालीत कशी न्यावी, आणि पुढे सॉफ्टवेअर बदलायचे झाल्यास आपली विदा आपल्याला वापरता येईल अशा रूपात परत मिळेल का, हे तिन्ही मुद्दे त्यात असतील तर पुस्तक घ्या. तिसरा मुद्दा बहुतेक पुस्तकांत नसतो. तो विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी स्वतःच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.